गवताच्या कडेचे पंधरा मीटर

गेल्या अंकात बोलता बोलता मी एक वाक्य लिहून गेले होते: समुद्राचं पाणी शेवाळाने अचानक लाल, तपकिरी नाहीतर हिरवंगार होतं, त्या प्रकाराला काठावरच्या वनस्पती थोडाफार आवर घालतात. त्यातला ‘थोडाफार’ कुणी वाचलाच नाही असं दिसतंय. टपाल आणि ईमेल मिळून चौदा पत्रं आली आणि निम्म्याजणांना आपापल्या खाडीत उद्याच काहीतरी लावायचंय. तेव्हा या वेळचं सदर सगळं याच विषयाला. पाच पत्रं घेतेय. पहिल्या उत्तराला जागा जास्त लागणार आहे, बाकीच्यांनी राग मानू नये.

मॅडम, माझं माहेर मालवणचं, दांडीवरचं. नवऱ्याच्या नोकरीमुळे सध्या सिअ‍ॅटलशेजारी बेलव्यूला राहते. इथे परवाना काढला की सुकतीला शिंपल्या खणता येतात. तिसऱ्यांची तहान आम्ही मॅनिला क्लॅमवर भागवतो. यंदा ऑगस्टमध्ये फावडं-बादली घेऊन गेलो तर किनाऱ्यावर पाटी: विषामुळे बंद. पाणी तर आरशासारखं नितळ होतं! शेजारीण म्हणाली की इथल्या उपसागरात एक समुद्री गवत वाढतं, ते या विषारी शेवाळाला हटवतं. दोन प्रश्न. हे गवत आमच्या मालवणात लावता येईल का? आणि तशा शिंपल्या भरपूर उकळून, कोकम घालून खाल्ल्या तर चालतील का?
*— माहेरवाशीण, मुक्काम बेलव्यू*

आधी पोटाचा प्रश्न. नाही चालणार. कोकम घाला, लिंबू पिळा, कुकरच्या चार शिट्ट्या करा, हे विष जात नाही. त्याचं नाव सॅक्सिटॉक्सिन. शिजवलं की जंतू मरतात म्हणून आपल्याला वाटतं शिजवलं म्हणजे सुटलो. इथे मारायला जंतू नसतोच. शिंपलीच्या मांसात नुसतं रसायन साठलेलं असतं आणि ते उकळीला दाद देत नाही. ओठांना आणि जिभेला मुंग्या येतात, मग बोटांना, आणि जास्त गेलं असेल तर श्वासाचे स्नायू थांबतात. उतारा नाही. दवाखान्यात कृत्रिम श्वास देत विष उतरायची वाट बघायची, एवढंच. १७९३ च्या जूनमध्ये कॅप्टन व्हँकूवरच्या मोहिमेतल्या खलाशांनी तुमच्या उत्तरेला, आजच्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर, न्याहारीला शिनाणे भाजून खाल्ले. त्यांतला जॉन कार्टर नावाचा खलाशी त्याच दिवशी दुपारी गेला. व्हँकूवरने त्या जागेला ‘पॉयझन कोव्ह’ असंच नाव देऊन टाकलं.

पाणी नितळ होतं याचं तुम्हाला नवल वाटलं, ते साहजिक आहे. ‘रेड टाइड’, म्हणजे लाल पाणी, या नावाने फार लोकांना फसवलंय. तुमच्या प्यूजेट साउंडमध्ये, म्हणजे सिअ‍ॅटलच्या त्या उपसागरात, हे विष करणारा जीव म्हणजे अ‍ॅलेक्झांड्रियम, एकपेशीय, दोन शेपट्यांनी गिरक्या घेत पोहणारा. पाण्याला रंग चढण्याइतकी त्याची दाटी व्हायच्या कितीतरी आधी शिंपल्या विषारी होतात, कारण शिंपली दिवसभर पाणी गाळत बसते आणि गाळलेलं साठवत राहते. १०० ग्रॅम मांसात ८० मायक्रोग्रॅम विष सापडलं की किनारा बंद. खणायला निघताना त्याच दिवशीचा आरोग्य खात्याचा नकाशा बघत जा. मागच्या आठवड्यातला नको. आणि बटर क्लॅम नावाची जी जाड कवचाची शिंपली मिळते, ती विष महिनोन्महिने धरून ठेवते. शेजारच्या शिंपल्या निवळल्या म्हणून तीही निवळली असेल असं समजू नका.

आता गवत. तुमच्या शेजारणीने सांगितलं त्यात तथ्य आहे, फक्त ‘हटवतं’ हा शब्द मोठा झाला. ते गवत म्हणजे झोस्टेरा मरीना, तिकडे ईलग्रास म्हणतात. हे शेवाळ नव्हे. मुळं, खोड, पानं, फुलं, बिया असलेली ही पक्की वनस्पती आहे, फक्त ती फुलते पाण्याखाली. सिअ‍ॅटलच्या उत्तरेला पडिला बे आहे, तिथे या गवताचं सुमारे आठ हजार एकरांचं सलग कुरण आहे. एखाद्या मोठ्या सुकतीला जरूर जाऊन या.

गेलात तर एक करा. कुरणाच्या कडेला उकिडवं बसा आणि एक पान, न तोडता, चिमटीत धरा. हिरव्या फितीसारखं असतं, करंगळीपेक्षा अरुंद. बोटं बुडख्याकडून टोकाकडे सरकवा. बुडख्याशी पान स्वच्छ लागेल, कारण पान खालून वाढतं आणि तो भाग कोवळा असतो. टोकाकडे जाल तसं चिरलेल्या भेंडीसारखं बुळबुळीत लागायला लागेल, आणि अगदी टोकाला तपकिरी लव. ही बुळबुळ म्हणजेच तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर. तो जिवाणूंचा थर आहे. एका ग्रॅम ओल्या पानावर लाखोंनी जिवाणू राहतात, आणि त्यांतले काही शेवाळाच्या पेशी फोडणारे नाहीतर त्यांची वाढ रोखणारे असतात.

हे ध्यानात आणून दिलं जपानमधल्या इचिरो इमाई यांनी. आधी क्योतो आणि नंतर होक्काइदो विद्यापीठात असलेल्या या माणसाने लाल पाण्यावर उभी हयात घालवली. त्यांच्या गटाने आधी उल्वा आणि जेलिडियम या समुद्री शेवाळांच्या अंगावर असे जिवाणू दाखवले. (उल्वा तुम्ही मालवणात पाहिलेलं आहे, खडकावर कोथिंबिरीच्या रंगाचा पातळ कागद चिकटल्यासारखं दिसतं ते.) मग ईलग्रासच्या पानांवरही तेच सापडलं. पद्धत साधी. पान खळबळून धुवायचं, ते पाणी छोट्या छोट्या वाट्यांत वाढवलेल्या विषारी शेवाळात थेंबाथेंबाने घालायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचं. कॅटोनेला नावाच्या शेवाळाला कडक पेशीभित्तिका नसते. जिवाणूंची गाठ पडली की लांबट पेशी आधी गोल होते, मग फुटते. पुढे जपानी आणि अमेरिकी संशोधकांनी मिळून प्यूजेट साउंडमधलं ईलग्रास तपासलं, तर तिथेही असे जिवाणू निघाले.

पण वाटीत घडतं ते उघड्या पाण्यात घडतं का? याचं मला आवडलेलं काम २०२० सालचं, तुमच्याच वॉशिंग्टन विद्यापीठातलं. त्यांनी गवताच्या कुरणातून निघून काठाकाठाने ठरावीक अंतरावर पाण्याचे नमुने घेतले आणि पाण्यात सांडलेल्या डीएनएवरून तिथे कोण कोण आहे ते मोजलं. जीवांचे तेरा मोठे गट तपासले. त्यांतल्या एकाच गटाची संख्या गवताजवळ ठळक घसरली: डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे अ‍ॅलेक्झांड्रियमचं गणगोत. कुरणात तर घसरलीच, पण कुरण संपल्यावरही निदान पंधरा मीटरपर्यंत ती घसरलेलीच राहिली. जणू गवताभोवती एक वलय आहे. हे वलय जिवाणूंमुळे, गवतातून झिरपणाऱ्या रसायनांमुळे, की दोन्हींमुळे, यावर त्या मंडळींनी छातीठोक विधान केलेलं नाही. मीही करत नाही.

पंधरा मीटर म्हणजे किती? आमच्या अंगणाच्या गडग्यापासून विहिरीपर्यंत. शिंपल्यांची शेती करणाऱ्याला हे अंतर सोन्यासारखं आहे, कारण त्याचा वाफा गवताच्या कडेला ठेवता येतो. अख्ख्या उपसागराला मात्र ते अंतर पुरायचं नाही.

तुमच्या मालवणच्या शंकेकडे जायच्या आधी मला जपानमधलं हिनासे दाखवू द्या. निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी ओकायामाला एका कार्यशाळेला गेले होते, तेव्हा एका रविवारी हे मच्छीमारांचं गाव पाहून आले. सेतोच्या अंतर्गत समुद्रावर आहे. या समुद्राने फार भोगलंय. चहूबाजूंनी बेटं, काठावर कारखाने, पाणी बदलायला वाव कमी. १९७२ मध्ये तिथल्या हारिमा-नादा भागात कॅटोनेलाचा बहर आला आणि पिंजऱ्यांत पाळलेले १ कोटी ४० लाख हामाची मासे गुदमरून मेले, नुकसान ७१० कोटी येनचं. पुढच्याच वर्षी सरकारला या समुद्रासाठी वेगळा कायदा करावा लागला. तरी १९७६ साली लाल पाण्याच्या २९९ घटना नोंदल्या गेल्या. मग सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी आवळलं तसा आकडा उतरत वर्षाला शंभराच्या आसपास आला. हे लक्षात ठेवा: आकडा उतरवला तो आधी नळ बंद केल्याने, गवताने नव्हे.

हिनासेच्या आसपास १९४० च्या दशकात सुमारे ५९० हेक्टर गवत होतं. १९८५ साली उरलं १२ हेक्टर. त्या वर्षी तिथल्या मच्छीमारांनी स्वतः बी गोळा करून पेरायला सुरुवात केली. का? लाल पाण्यासाठी नाही हो, माशांसाठी. उथळ पाण्यात खुंटांना जाळी लावून ते मासे धरायचे, आणि गवत गेल्यावर जाळी रिकामी यायला लागली होती. ‘गवत म्हणजे आमच्या पोरांचं पाळणाघर,’ असं एका म्हाताऱ्याने दुभाष्यामार्फत मला सांगितलं. पोरं म्हणजे माशांची.

त्यांची रीत बघण्यासारखी आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला बी धरलेले तुरे गोळा करतात, जाळीच्या पिशव्यांत भरून कालवांच्या तराफ्याखाली टांगतात, उन्हाळाभर ते पाण्यातच कुजतात आणि शरद ऋतूत खाली राहिलेलं बी वेचून पेरतात. तांदळाच्या कणीएवढं बी असतं. मी ओंजळीत घेतलं, ते काळपट आणि ओलं होतं, वास आमच्या धक्क्यावरच्या सुकतीसारखाच. कालववाल्यांना सुरुवातीला या गवताची कटकट वाटायची, तुटून वाहत आलेली पानं तराफ्यांत अडकायची. आता शाळेची मुलंही वाहतं गवत वेचायला येतात. २०१५ च्या सुमारास गवत २५० हेक्टरांपर्यंत परत आलं होतं. तीस वर्षं, मॅडम. ‘उद्याच लावतो’ म्हणणाऱ्या माझ्या पत्रलेखकांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

आणि मालवण? ईलग्रास मालवणात जगणार नाही. ते थंड पाण्याचं. पाणी पंचवीस अंशांच्या वर फार काळ तापलं की ते दमायला लागतं, आणि आपला समुद्र बारा महिने त्याच्या वरच असतो. त्यात पावसाळ्याचे चार महिने नद्या लाल माती ओततात. उजेडच पोचत नाही तिथे गवत काय करणार? आपल्याकडे आहे ते हॅलोफिला बेकारी, गोव्याच्या खाड्यांत तिवरांच्या पुढच्या चिखलावर पसरणारं. पान नखाएवढं, पाहणाऱ्याला वाटावं चिखलावर कुणी मूग सांडलेत. जगभरात ते धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. त्याच्या अंगावरच्या जिवाणूंचा असा अभ्यास कुणा विद्यार्थ्याने केला तर मी त्याचा प्रबंध फुकट तपासून देईन.

बाकी, परत येताना बॅगेत बी घालून आणायचा विचार मनात आला असेल, तर तो तिथेच सोडा. जपानी झोस्टेरा कालवांच्या बियाण्याबरोबर तुमच्या किनाऱ्याला पोचलं असं मानतात, आणि आज वॉशिंग्टनचे शिंपलेवाले त्याला तण म्हणून शिव्या घालतात. एका काठाचं औषध दुसऱ्या काठाचं गाजरगवत होतं.

कोळंबीचं तळं आहे, सव्वा एकर, व्हॅनामेई जातीची टाकतो. तिसऱ्या महिन्यात पाणी गर्द हिरवं झालं. लोक म्हणाले चांगलं आहे. एका रात्री पाऊस पडून गेला, सकाळी पाणी तपकिरी, वर फेस आणि कोळंबी कडेला येऊन तरफडतेय. निम्मा माल गेला. आता एकजण सांगतो तिवराचा पाला टाक, दुसरा सांगतो भाताचा पेंढा टाक, शेवाळ धरत नाही. काय टाकू?
*— एक शेतकरी, पालघर जिल्हा*

काहीच टाकू नका. आधी काढा.

तुमच्या तळ्यात जे झालं त्याला तुमच्याकडे ‘क्रॅश’ म्हणतात. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, रात्री घेतं. दाट झालं की पहाटेपर्यंत पाण्यातला प्राणवायू संपत येतो. त्यात पावसाने खारटपणा बदलला, ढगांनी ऊन गेलं, शेवाळ एकदम मेलं, आणि कुजताना उरलासुरला प्राणवायूही घेऊन गेलं. अशा तळ्यात पाला टाकणं म्हणजे कुजायला आणखी माल देणं. तिवराचा पाला तर तोडायचाच नाही. कांदळवन तोडायला २००५ पासून उच्च न्यायालयाची बंदी आहे, फांदीवरून गुन्हा होतो.

पेंढ्याची गोष्ट मात्र निव्वळ थाप नाही. इंग्लंडमध्ये तळ्यांत बार्लीचा पेंढा सोडायची रीत आहे. कुजताना त्यातून जे झिरपतं ते नव्या शेवाळाला वाढू देत नाही. पण त्यात तीन अटी आहेत. पाणी गोडं हवं, पेंढा बहराच्या कितीतरी आठवडे आधी पडायला हवा, आणि आलेलं शेवाळ तो मारत नाही. तुमची एकही अट जुळत नाही.

त्यापेक्षा स्टीलची जुनी ताटली घ्या, चार भाग करून आलटून पालटून काळे-पांढरे रंगवा, मधे भोक पाडून दोरी ओवा. दुपारी पाण्यात सोडा. दिसेनाशी होते ती खोली तीस ते चाळीस सेंटिमीटर असेल तर ठीक. वीसवर आली की त्या दिवशी खाद्य कमी, रात्री पाणी घुसळणारं पॅडल बंद ठेवायचं नाही, आणि थोडं थोडं पाणी बदलायचं. एकदम नाही. शेवाळ कशावर पोसतं? तुमच्याच उरलेल्या खाद्यावर. चेक ट्रेमध्ये, म्हणजे कोळंबीने किती खाल्लं ते बघायच्या ताटलीत, खाद्य शिल्लक दिसत असताना पोतं रिकामं करणारे शेतकरी मी स्वतः पाहिलेत. वर विचारतात, मॅडम, पाणी हिरवं का?

वनस्पतींचा उपयोग तुमच्या तळ्यात नाही, तळ्यातून बाहेर सोडलेल्या पाण्यावर आहे. कोळंबीच्या एक हेक्टर तळ्याचं नत्र-स्फुरद शोषायला किती कांदळवन लागेल याचा हिशोब १९९५ साली दोन शास्त्रज्ञांनी मांडला होता: तळं किती जोरात चालवता त्यावर २ ते २२ हेक्टर. म्हणजे तिवरं हे फुकटचं गटार नव्हे. बाहेर सोडायच्या आधी पाणी एका रिकाम्या खड्ड्यात दोन दिवस थांबवा, गाळ बसू द्या, त्यात कालवं आणि ग्रासिलेरिया हे लाल शेवाळ दोऱ्यांना बांधून सोडून बघा. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर नान-आओ बेटाभोवती हेच शेवाळ समुद्रात मोठ्या प्रमाणावर वाढवतात. पाणी स्वच्छ राहतं आणि शेवाळ विकलंही जातं.

दरवर्षी हिवाळ्यात आमच्या किनाऱ्यावर लाटा निळ्या पेटतात. मुलांना घेऊन रात्री बघायला जातो. हे विषारी असतं का? आणि तिवरं वाढली तर ते बंद होईल का? (बंद होऊ नये असं मुलांचं म्हणणं आहे.)
*— एक शिक्षिका, देवगड तालुका*

मुलांना सांगा, बंद होणार नाही.

तो नॉक्टिलुका. साबुदाण्याच्या बारीक दाण्यासारखा, साध्या डोळ्यांनाही ठिपका दिसेल एवढा मोठा एकपेशीय जीव. पाणी हललं की चमकतो. अ‍ॅलेक्झांड्रियमसारखं विष तो करत नाही, पण त्याच्या पोटात अमोनिया साठतो आणि दाट थर मेला की पाण्यातला प्राणवायू जातो. म्हणून जिथे पाणी टोमॅटोच्या सारासारखं दिसतं आणि वास मारतो, तिथे मुलांना पोहायला सोडू नका. नुसतं चमकणाऱ्या लाटेत पाय भिजवायला हरकत नाही.

उत्तर अरबी समुद्रात याचा हिरवा प्रकार हिवाळ्याअखेर प्रचंड पसरतो. गोम्स आणि गोएस या शास्त्रज्ञांनी आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये त्याचा संबंध समुद्रात वर सरकणाऱ्या कमी प्राणवायूच्या पाण्याशी जोडला. त्या हिरव्याच्या पोटात आणखी छोटं शेवाळ भाडेकरू असतं, तेच त्याला जेवू घालतं. एवढं सगळं भर समुद्रात चालतं. तिथे काठावरचं तिवर काय करणार? त्याची पोच खाडीपुरती.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने खाडीत कांदळ लावायचं ठरवलंय. एका कंपनीकडून रोपांचे पैसेही मिळतायत. गावाचं सांडपाणी खाडीतच येतं, उन्हाळ्यात पाणी हिरवं होऊन वास येतो. किती रोपं लावली म्हणजे पाणी स्वच्छ होईल?
*— एक सेवानिवृत्त अभियंता, रत्नागिरी*

तुम्ही अभियंता आहात म्हणून हिशोबाच्या भाषेत बोलते. आवक बंद न करता निचरा वाढवून टाकी रिकामी होत नाही.

फ्लोरिडात इंडियन रिव्हर लगून नावाची दीडशे मैलांची लांबट खाडी आहे. तिच्या तळाशी समुद्री गवताची कुरणं होती, त्यावर मॅनेटी नावाचे पाणगायीसारखे प्राणी चरायचे. घरांच्या सेप्टिक टाक्या, हिरवळींचं खत, सगळं खाडीत येत राहिलं. २०११ मध्ये शेवाळाचा असा बहर आला की तळाला ऊनच पोचेना. गवत मरायला लागलं, मेलेल्या गवतातून आणखी खत सुटलं, पुढचे बहर त्यावर पोसले. निम्म्याहून जास्त गवत गेलं. २०२१ साली फ्लोरिडात अकराशे मॅनेटी मेल्या, त्यांतल्या बऱ्याच याच भागात उपासमारीने, आणि त्या हिवाळ्यात सरकारी माणसं त्यांना लेट्यूसचे गड्डे टाकत होती. शेवाळाला आवरणारं गवत शेवाळानेच खाल्लं. हा क्रम उलटा चालत नाही. पाणी आधी थोडं निवळलं पाहिजे, मग वनस्पती ते निवळलेलं राखतात.

निवळण्याचीही हद्द असते म्हणा. सेतोच्या समुद्रात इतकं निवळलं की नोरी हे खायचं शेवाळ पिकवणाऱ्यांचं पीक फिकट पडायला लागलं आणि २०२१ मध्ये त्यांना हवं तिथे पोषकद्रव्यं सोडता यावीत म्हणून कायदा बदलावा लागला. आपल्या खाड्यांवर ही पाळी यायला मी तरी या जन्मात बघणार नाही.

रोपांचं म्हणाल तर, माझ्या घरासमोरच्या खाडीत काही वर्षांपूर्वी अशीच एक लागवड झाली. टोप्या, बॅनर, फोटो. कांदळाच्या शेंगा त्यांनी सुकतीला उघड्या पडणाऱ्या खालच्या चिखलात टोचल्या, कारण तिथे चालत जाता येत होतं आणि फोटोत पाणी येत होतं. ती जागा कांदळाची नव्हतीच. भरतीचं पाणी तिथे फार वेळ उभं राहतं. पहिल्या पावसात सगळ्या शेंगा उपटून आमच्या धक्क्याला लागल्या. मी त्यांतल्या सात उचलून परसात बादलीत ठेवल्या, दोन जगल्या. वाईट याचं वाटलं की त्या उघड्या चिखलात हिवाळ्यात पाणपक्षी चरायचे आणि बायका खुबे काढायच्या. तो चिखल रिकामा नव्हता.

तुमचा पैसा मिळतोच आहे तर असं करा. रोपं थोडी, तीही जिथे जुनं कांदळवन होतं आणि बांध घातल्याने मेलं, तिथे. तो बांध फोडून भरतीचं पाणी आत येऊ द्या. बी आपोआप येतं, तिवर आणि चिप्पी तर पाण्याबरोबर येऊन रुजतात. उरलेला पैसा गावाच्या नाल्यावर. नाला खाडीला मिळायच्या आधी एखादा गाळखड्डा आणि त्यात देवनळाचं बेट. देवनळाची एक गंमत म्हणजे बीजिंगच्या संशोधकांनी त्यातून शेवाळाची वाढ रोखणारं एक रसायनही वेगळं काढलंय, पण तुम्ही त्याच्या मागे लागू नका. तुम्हाला देवनळाची मुळं हवीत, ती नत्र खातात आणि त्यांच्या चिखलातले जिवाणू उरलेलं नत्र वायू करून हवेत सोडतात. दर वर्षी देवनळ कापून बाहेर न्यायला विसरलात तर मात्र तेच कुजून परत खाडीत. कापायचं काम कुणाकडे, हे लागवडीच्या आधी ठरवा. माझ्या अनुभवात लावायला शंभर हात येतात आणि कापायला दोन.

समुद्रातलं गवत फक्त मासे खातात की माणसंपण खातात?
*— इयत्ता सातवी, अलिबाग*

खातात! मेक्सिकोत सोनोराच्या किनाऱ्यावर सेरी नावाचे लोक आहेत. ते वसंतात ईलग्रासचं बी गोळा करायचे, भाजायचे, दळायचे आणि त्याची पेज करायचे. परंपरेने समुद्रातून धान्य काढणारे दुसरे लोक आपल्याला माहीत नाहीत. जपानमध्ये या गवताला ‘अमामो’ म्हणतात, म्हणजे गोड गवत, कारण त्याचं जमिनीतलं खोड चावलं की गोडसर लागतं. त्याचं आणखी एक नाव आहे, तुझ्या वर्गात कुणाला एका श्वासात म्हणता येतं का बघ: र्‍यूगू-नो-ओतोहिमे-नो-मोतोयुई-नो-किरिहाझुशी. अर्थ, समुद्राखालच्या राजवाड्यातल्या राजकन्येच्या केसांची कापून टाकलेली फीत. हिनासेला मी ते खोड चावून पाहिलं. काकडीचा देठ मिठात बुडवून खाल्ल्यासारखं लागलं, गोड नंतर, अगदी शेवटी.